दाराची मधली सुट्टी

लॅटिनबाईंना लॅटिन येत नव्हतं, तेव्हापासून त्या लॅटिन शिकवत होत्या.

शाळेने त्यांना घेतलं होतं इतिहासासाठी. आधीचे लॅटिनचे मास्तर एके दिवशी भर तासाला खडू ठेवून "आलोच" म्हणून जे गेले, ते परत आलेच नाहीत. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी स्टाफरूममधून नजर फिरवली आणि सगळ्यांत नवी, म्हणजे नाही म्हणायची जिची सगळ्यांत कमी टाप, अशा बाईंच्या हातात जाडजूड व्याकरण ठेवलं. "इतिहास काय आणि लॅटिन काय, दोन्हीकडे मेलेलीच माणसं," ते म्हणाले. "सुट्टीत जमवून टाका." बाईंनी सुट्टीत काहीही जमवलं नाही, कारण सुट्टीत त्यांचं लग्न होतं. पहिली काही वर्षं त्या पोरांच्या एक पाठ पुढे राहून शिकवत होत्या, आणि घरी पाहुणे टपकले की एक पाठ मागे राहून.

नवरा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, तो मेणात दात बसवून कवळी करून द्यायचा. घरात टेबल एकच, स्वयंपाकघरात. अर्ध्या टेबलावर त्याचे प्लास्टरचे साचे आणि गुलाबी मेण, अर्ध्यावर बाईंचा शब्दकोश. भाजी चिरायची ती मांडीवर. "अगं, आपण दोघं एकाच धंद्यात आहोत," तो म्हणायचा. "ज्यांच्या तोंडात काही उरलेलं नाही, त्यांच्या तोंडात काहीतरी बसवायचं." बाईंना हा विनोद आवडायचा, पण संसारात नवऱ्याला एवढ्यात डोक्यावर चढवू नये म्हणून त्या हसायच्या नाहीत.

पाठ्यपुस्तकात एक लांबलचक कविता होती. कवीचं नाव बाई वर्गात फारसं घ्यायच्या नाहीत, "आपला रडका" म्हणायच्या. कवितेत एक तरुण संध्याकाळी प्रेयसीच्या दाराशी येतो. दार बंद. वरून पाऊस. हा दाराला विनवतो, मग दाराला शिव्या घालतो, मग दाराचे पाय धरतो, म्हणजे दाराला जिथे पाय असते तिथे. मग म्हणतो, तू ज्या झाडाचं लाकूड आहेस त्या झाडावर पाखरूसुद्धा बसलं नसेल. शेवटी उंबऱ्यावर डोकं टेकतो आणि म्हणतो, आता उजाडल्यावर कोणीतरी मला इथून उचलून न्या.

पहिल्या वर्षी बाईंचा अभ्यास झाला होता तो इथवरच. पुढचं पान त्यांनी उघडून पाहिलेलं नव्हतं. तास मधल्या सुट्टीच्या आधीचा. रडक्याने उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि बाईंची पाचावर धारण बसली, कारण आता पोरं विचारणार, पुढे काय? तेवढ्यात घंटा झाली. पोरांनी पुस्तकं मिटली, डबे उघडले आणि बाई सुटल्या.

संध्याकाळी टेबलाशी बसून त्यांनी पुढचा भाग लावला. तर पुढे काय होतं? आतून एक म्हातारी दासी दिवा घेऊन येते आणि विचारते, कोण एवढा वेळ कोकलतंय? दार उघडंच आहे की! ढकलायचं! आत प्रेयसी वाट बघून बघून, जेवून, झोपून गेलेली असते. आणि चिंब भिजलेला रडका स्वतःलाच हसतो आणि म्हणतो, दाराला मी सगळं काही सांगितलं, हात तेवढा लावला नाही.

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की टेबल हललं आणि नवऱ्याने मेणात नुकते लावलेले पुढचे चार दात तिरके झाले. त्याला सगळी गोष्ट सांगावी लागली. तोही हसला, आणि दात काढून पुन्हा बसवत बसला. त्या संध्याकाळी बाईंना पहिल्यांदा वाटलं, की ही भाषा मेलेली असेल तर असो, आपल्याला हिच्यात जन्म काढता येईल.

त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आपली चुकून झाली ती गंमत पोरांची मुद्दाम करायची. एक दिवस रडू दे मेल्यांना बंद दाराशी, दुसऱ्या दिवशी उघडू. तेव्हापासून दरवर्षी बाई शिकवण्याचा वेग असा राखायच्या, की रडक्याचं डोकं उंबऱ्याला लागायचं आणि घंटा व्हायची. इन्स्पेक्टर येवोत, छत गळो, यात फरक पडत नसे.

आणि नुसतं वाचून दाखवणं बाईंना मंजूर नव्हतं. पोरांना उभं करायच्या. एकाला रडका करायचं. एकाला बागेतली झारी घेऊन बाकावर चढवायचं, तो पाऊस. आणि वर्गातलं सगळ्यांत उंच, सगळ्यांत घुमं पोर फळ्यासमोर हाताची घडी घालून उभं करायचं, ते दार. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या मास्तरांनी एकदा तक्रार केली, की भिंतीतून पाणी येतंय. बाई म्हणाल्या, "येणारच. कविता आहे."

एका वर्षीचा वर्ग मात्र बाईंच्या कायमचा लक्षात राहिला. त्या वर्षीचं दार असं होतं, की पाऊस अंगावर पडला तरी पापणी हलवायचं नाही. शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक पोरगा. त्याला पुढे सगळी शाळा दार म्हणू लागली. दारातून गोल जायचा नाही आणि दाराच्या तोंडून शब्द निघायचा नाही. फक्त घंटा झाली, की वर्गात सगळ्यांच्या आधी डब्याचं झाकण उघडायचं ते दाराच्या.

एक गोष्ट बाईंनी तेव्हा लक्षात घेतली नाही. पहिला भाग मधल्या सुट्टीच्या आधी, पण दुसऱ्या दिवशी लॅटिनचा तास असायचा शेवटचा. त्या तासाला खेळाडू सरावाला जायचे आणि उरलेले झोपेला. दासी दिवा घेऊन यायची ती पेंगणाऱ्या वर्गात. बाई एकट्या हसायच्या. दार तर त्या तासाला कधी नव्हतंच. परवानगीच्या चिठ्ठीवर सही करून त्याला मैदानावर धाडायच्या त्या बाईच.

तीसेक वर्षं गेली. बाईंचे केस पांढरे झाले, लॅटिन काळं कुळकुळीत राहिलं. निवृत्तीचं वर्ष उजाडलं. आणि एके दिवशी टपालाने एक ग्रंथ आला. मांडीवर घेतला तर पाय बधिर व्हावा असा. दार आता मोठा प्राध्यापक झाला होता, परदेशांत बिरदेशांत व्याख्यानं देत होता, आणि त्याने त्या एका कवितेवर हा एवढा ग्रंथ लिहिला होता. पहिल्या पानावर हाताने लिहिलं होतं: "ज्यांनी ऐकायला शिकवलं, त्या बाईंना." बाईंनी ते पान नवऱ्याला दाखवलं, शेजारणीला दाखवलं, दूधवाल्यालाही दाखवलं. मग आत काय लिहिलंय ते वाचायला घेतलं आणि कपाळाला हात लावला.

ग्रंथाचं म्हणणं असं, की ही एक कविता नाहीच. पहिला भाग त्या थोर कवीचा. दुसरा भाग मागाहून कुणा टवाळाने चिकटवलेला. इतक्या खोल दुःखातून उठून कवी असा पाचकळपणा करणं शक्य नाही. उंबऱ्यावर डोकं टेकलं, की कोणत्याही संवेदनशील वाचकाचा श्वास आपोआप थांबतो, काहीतरी संपल्याची जाणीव सर्वांगाला होते, एक प्रकारची रिक्तता पोटात दाटून येते. आणि हे केवळ लेखकाचंच मत नव्हे. आणखी दोन विद्वान, दोन वेगवेगळ्या देशांत बसून, एकमेकांना न विचारता, नेमक्या याच ओळीवर येऊन थांबले आहेत. तीन स्वतंत्र साक्षीदार! याहून मोठा पुरावा काय असतो?

बाईंनी त्या दोघांची नावं वाचली. एक होता त्याच वर्गातला रडका. दुसरा पाऊस.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "माझी तीन कार्टी एका पंख्याखाली बसून डबे खात होती, ती आता स्वतंत्र साक्षीदार झालीत."

"म्हणजे काय झालं?" नवऱ्याने चष्मा वर केला.

"म्हणजे घंटेला यांनी कविता समजलं."

नवऱ्याला पटेना. एवढी शिकलेली माणसं घंटेला फसतील होय? तो म्हणाला, "वाच बघू मोठ्याने सगळी. खरंच तिथे काही संपतंय का, मला न कळणाऱ्या भाषेत ऐकू दे." बाई वाचू लागल्या. तो कवळी घासत ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने मान वर केली, तर बाई ओट्याशी उभ्या राहून चहाचं आधण ठेवत होत्या.

"का उठलीस?"

"संपलं ना," बाई म्हणाल्या आणि पुस्तकाकडे वळून बघू लागल्या. रडक्याचं डोकं उंबऱ्यावर होतं. दासी अजून आतच होती.

नवरा हळूच म्हणाला, "पडलेल्या दाताच्या जागी मी कितीही झकास दात बसवून दिला ना, तरी महिनोन्महिने जीभ तिथेच जाऊन चाचपते. तुमच्या सगळ्यांची जीभ तिथे जाते."

इथवर गोष्ट हसण्यावारी गेली असती. विद्वानांनी एकमेकांच्या ग्रंथांतून काय फाडायचं ते फाडावं. पण त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं आणि गोड बातमी दिली. शाळांचं लॅटिनचं पाठ्यपुस्तक नवीन होणार, संपादक आपलाच माजी विद्यार्थी, तोच तो गोलरक्षक. आणि रडक्याच्या कवितेचा दुसरा भाग पुस्तकातून गाळणार. "बरंच झालं बाई, पोर्शन कमी," ते म्हणाले. महिनाअखेरीला पुस्तक छापायला जाणार होतं.

बाई वर्गात न जाता जिन्यात बसून राहिल्या. त्यांना खरोखर रडू आलं. आता गावोगावची पोरं त्या उंबऱ्यावर डोकं टेकणार आणि तिथेच राहणार. दासी कधीच येणार नाही. दार उघडं होतं हे कोणाला कधी कळणारच नाही. ज्या हसण्यापायी आपण जन्मभर ही भाषा धरून बसलो, ते आपल्याच हाताने पुसलं गेलं. खडू आपला, घंटा आपली, आणि वर आपण त्याला चांगलं शिकवणं म्हणत होतो.

त्यांनी फोन लावला.

"अरे दारा, तो दुसरा भाग खरा आहे."

"बाई!" पलीकडून आवाज आला, आणि आधी तब्येतीची चौकशी झाली, नवऱ्याच्या तब्येतीची झाली. मग प्राध्यापकाने अत्यंत आदराने बाईंना शिकवायला घेतलं. दुसऱ्या भागातले शब्द हलके आहेत, वाक्यं तुटक आहेत, पहिल्या भागातली गंभीर लय तिथे नाही.

"मेल्या, दार उघडल्यावर माणूस गंभीर लयीत कशाला बोलेल?"

"तसं नाही बाई..."

"तिथे घंटा व्हायची रे. मधल्या सुट्टीची. म्हणून तुम्हाला तिघांना तिथे संपल्यासारखं वाटतं."

पलीकडे प्राध्यापक हसला, म्हातारी माणसं काही बोलली की हसतात तसा. "बाई, तुम्ही अजून तशाच आहात. पण हे काही प्रमाण होत नाही ना. बारा वर्षं काम केलंय मी यावर."

बाईंनी फोन ठेवला आणि प्राध्यापकाच्या सगळ्या प्रमाणांचा उद्धार केला. तो इथे देण्यासारखा नाही, शिवाय त्यातला बराचसा लॅटिनमध्ये होता.

पण नशीब बलवत्तर म्हणा, नाहीतर मुख्याध्यापकांची हौस म्हणा, शाळेच्या बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून त्याच महिन्यात प्राध्यापकालाच बोलावलं गेलं. समारंभ दुपारी. पाहुणा सकाळीच आला. बाईंनी पहिला तास मागून घेतला होता. पहिल्या तासाला मधली सुट्टी कुठेच जवळपास नसते. त्यांना एवढंच हवं होतं, की त्याने आयुष्यात एकदा ती कविता अथपासून इतिपर्यंत, मध्ये न उठता ऐकावी. मग गाळायची तर गाळ म्हणावं, निदान ऐकून गाळ.

मुख्याध्यापक त्याला वर्गात घेऊन आले, तेव्हा पोरांची तयारी झालेली होती. झारी भरलेली होती. रडका म्हणून यंदा एक मुलगी होती, घसा साफ करत.

"दार आज आलं नाही," बाई म्हणाल्या. खरं तर दार आलं होतं, मागच्या बाकावर डोकं खाली घालून लपवलं होतं. "उभा राहतोस?"

"बाई, या वयात?"

"दाराला कसलं वय?"

वर्ग टाळ्या पिटू लागला. मुख्याध्यापकही भिडेखातर टाळ्या वाजवू लागले. प्राध्यापकाने बॅग पहिल्या बाकापाशी ठेवली, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि फळ्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. पोट सुटलं होतं, केस उडाले होते, पण उभं राहणं तेच.

मुलगी वाचू लागली. ती लॅटिनमध्ये विनवत होती, शिव्या घालत होती. पाऊस जरा जास्तच झाला, आणि प्राध्यापकाच्या टकलावरून थेंब ओघळून नाकाच्या शेंड्याशी आला. त्याने पापणी हलवली नाही. डोळे मिटले होते. तो मनापासून ऐकत होता, हे बाईंना दिसत होतं. या कवितेवर त्याचं प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. म्हणून तर घोडं अडलं होतं.

मुलगी गुडघ्यावर बसली. प्राध्यापकाच्या बुटांपाशी तिने डोकं टेकलं आणि म्हणाली, उजाडल्यावर कोणीतरी मला इथून उचलून न्या.

वर्ग शांत. घंटा नाही, काही नाही.

आणि दाराने हाताची घडी सोडली. मुलीला वळसा घालून ते पहिल्या बाकापाशी गेलं, खाली वाकलं, बॅग उघडली आणि आत हात घालून काहीतरी चाचपू लागलं.

मुलगी जमिनीवरून मान वर करून बघत राहिली. "बाई," ती म्हणाली, "दार निघून गेलं."

वर्ग हसण्याने जो फुटला, तो गणिताचे मास्तर धावत आले. प्राध्यापक बॅगेत हात तसाच ठेवून वळला. "घंटा झाली ना?" त्याने विचारलं.

"नाही झाली," बाई म्हणाल्या.

तो बाईंकडे बघत राहिला. मग बॅगेत बघितलं. बॅगेत त्याचं भाषण होतं आणि चष्म्याचं घर. डबा नव्हता. त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला, आणि बाईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. बारा वर्षं. आपलंच पोर. त्याला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं, पण वर्गासमोर ते कसं करणार? म्हणून त्या मुलीला म्हणाल्या, "पुढे वाच गं."

दासीचं काम करणारा मुलगा काठीचा दिवा घेऊन आला. कोण एवढा वेळ कोकलतंय? दार उघडंच आहे की! ढकलायचं! आणि दार खरंच उघडं होतं, फळ्यासमोरची जागा रिकामी पडली होती, मुलगी त्यातून नुसती चालत गेली. पोरांना यापुढे लॅटिन समजून घ्यायची गरजच उरली नाही. सकाळचा ताजा वर्ग, कोणी पेंगत नव्हतं. मुलगी शेवटच्या ओळीवर आली. दाराला मी सगळं काही सांगितलं, हात तेवढा लावला नाही.

प्राध्यापक पहिल्या बाकावर, त्याच्या मापाच्या नसलेल्या जागेत, बसला होता. आधी त्याचे खांदे हलले. बाईंना वाटलं, रडतोय. मग बघतात तर हसत होता, ओल्या टकलावरून हात फिरवत, आवाज न करता, आणि थांबवता येत नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "हे मी तुमच्याकडून ऐकलंच नव्हतं."

"तू गोल अडवायला गेला होतास. सही माझीच होती."

दुपारी बक्षीस समारंभात त्याने काय भाषण केलं ते कोणाच्या लक्षात नाही. बाईंनीही विचारलं नाही, पुस्तकाचं काय करणार. विचारायची छातीच झाली नाही. महिना संपला, वर्ष संपलं, बाई निवृत्त झाल्या, निरोपाला हार मिळाला आणि पाठदुखी घरी आली. मधल्या काळात कळलं, की प्राध्यापकाने आपला सिद्धांत स्वतःच मोडीत काढणारा लेख छापलाय आणि पाऊस व रडका त्याच्यावर खवळलेत. लेखात त्याने "प्रत्यक्ष प्रयोगातून हाती आलेला नवा पुरावा" असं म्हटलं होतं. झारीचा उल्लेख नव्हता. विद्वान माणूस किती सुधारणार?

मग नवीन पाठ्यपुस्तक टपालाने आलं. बाईंनी उभ्या उभ्याच पान शोधलं. दासी होती. दिवा होता. शेवटची ओळ होती. एकही तळटीप नव्हती. फक्त उंबऱ्यावर डोकं टेकल्यानंतर, दासी येण्याआधी, एका ओळीची जागा कोरी सोडली होती.

बाईंनी तडक फोन लावला.

"अरे मेल्या, सगळं केलंस ते केलंस, मग मध्ये ही कोरी जागा कशाला? पुन्हा तेच का?"

"नाही बाई. कविता एकच आहे. मान्य केलं मी."

"मग?"

"तिथे मला अजून भूक लागते."